पाहुणीची नक्कल

टीव्हीवर मी लोकांच्या घरात शिरते. हाच माझा धंदा. हातात माइक, मागे कॅमेरा, कॅमेऱ्यामागे दिवेवाले आणि त्यांच्या मागे निम्मं गाव. पडद्यावर दिसतं ते असं की मी दार वाजवते, घरातली बाई दार उघडते, दचकते, लाजते आणि पाच मिनिटांत माझ्याशी माहेरचं माणूस आल्यासारखी बोलायला लागते. यातलं दार वाजवणं तेवढं खोटं. मी अर्धा तास आधी मागच्या दारानं एकटी आत जाऊन आलेली असते. चपला काढते, चुलीपाशी नाहीतर गॅसपाशी बसकण मारते, निवडणं-चिरणं जे चाललं असेल ते पुढ्यात ओढते आणि गप्प बसते. हो, गप्प. मी गप्प बसू शकते यावर आमच्या दिग्दर्शकाचा सुरुवातीला विश्वासच नव्हता.

तो म्हणायचा, "मॅडम, पहिली भेट कॅमेऱ्यावरच व्हायला हवी." मी म्हटलं, "पहिल्या भेटीत बाई फक्त पदर सावरते. बोलते ती तिसऱ्या वाक्याला. ते तिसरं वाक्य मी भेंड्या चिरताना काढून घेते. तुम्हाला पदर हवा की बाई?" त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला राग लवकर येतो आणि आला की मी मुंबईचं मराठी विसरते. मी त्याला काय म्हणाले ते त्याला कळलं नाही, हे एका अर्थी बरंच झालं. पण त्या दिवशीच्या भागात सत्तरीच्या एका आजींनी नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा नावानं हाक मारली आणि तो बिचारा म्हातारा शाळेत हजेरी द्यावी तसा उभा राहून "हजर" म्हणाला. तेव्हापासून माझ्या मागच्या दाराला कोणी हरकत घेतलेली नाही.

मुलाखत घेणारे हमखास विचारतात, बायका तुमच्याशी इतक्या मोकळ्या कशा होतात? मी आपुलकी, संस्कार, मातीचा गुण असं काहीबाही सांगते. त्यांना छापायला बरं पडतं. खरं उत्तर लांबलचक आहे. ते माझ्या बापाच्या घरातल्या एका दुपारचं आहे आणि तिथवर जायला थोडं मागून यावं लागतं.

आमचं गाव करडीच्या पलीकडे, मोहाडी तालुक्यात. चहूकडे धानाची शेती. बाबा पोस्टमन होते. सायकलवरून सात-आठ गावांची पत्रं वाटायचे. कमी बोलायचे. दिवसभर दुसऱ्यांचे निरोप पोचवून त्यांचे स्वतःचे शब्द संपून जात असावेत. आई लोकांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवण्याला जायची आणि घरी येऊन बाबांच्या वाटणीचंही बोलायची. माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शांत, शहाणी, सगळ्यांची लाडकी. आणि मी.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी सहावीत होते. आमच्या गुरुजींकडे जिल्ह्याचा एक जुना कापडी नकाशा होता. नवा कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी एके दिवशी घरून कात्री आणली आणि गोंदियाकडचा भाग कापून टाकला. कापताना त्यांचा हात थरथरत होता. कापून झाल्यावर म्हणाले, "पोट्टेहो, आता माही सासुरवाडी परजिल्ह्यात गेली." मधल्या सुट्टीत मी ते दृश्य, कात्रीसकट आणि थरथरीसकट, करून दाखवलं. गुरुजी खिडकीतून पाहत होते. त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, चष्मा राहिला, चष्मा कपाळावर ढकलून मग कापलं होतं. माझ्या कामाची दुरुस्ती करणारा हा पहिला माणूस.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई भरते. दिवसा जत्रा आणि त्याच रात्री नाटक. गावातली मंडळी नाटक बसवतात आणि स्त्रियांच्या भूमिकांसाठी नट्या बाहेरून बोलावतात. या नट्या प्रयोगाच्याच दिवशी येतात. महिनाभर तालीम चालते ती नट्यांशिवाय. मग नायक प्रेमाचे संवाद खुर्चीला म्हणतो आणि खलनायक खांबाचा पदर ओढतो. आमच्या गावची तालीम आमच्या घरामागच्या शाळेत व्हायची. दहावीच्या वर्षी मला विचारलं, नट्यांची वाक्यं तू वाचशील काय? पुस्तकातून पाहून, उभी राहून, फक्त वाचायची. मी वाचली. नायिकेची वाचली, तिच्या आईची वाचली, मोलकरणीची वाचली आणि मोलकरणीवर आले की तालीम बंद पडायची, कारण नायक हसत सुटायचा.

प्रयोगाच्या दिवशी खऱ्या नट्या आल्या. त्यांच्यात विनोदी काम करणाऱ्या एक जाडजूड बाई होत्या, मी त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. कुठून शिरायचं, कुठं वळायचं हे मी त्यांना सांगत होते. त्या पान चघळत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "बारावी कर. मंग मायाकडं ये." दोन वर्षांनी मी खरोखरच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

घरात रणकंदन माजलं. आई म्हणाली, नटीच्या घरात सोयरीक कोण करन? मी म्हटलं, मला नाही करायची सोयरीक. आई म्हणाली, तुही कोण गोष्ट करून राहिलं? मोठीची गोष्ट हाय. हे मात्र खरं होतं. ताईचं लग्नाचं वय झालं होतं आणि आमच्याकडे हुंडा-बिंडा नव्हता, नाव तेवढं होतं. पोस्टमनचं घर, स्वच्छ, सरळ, भांडण ना तंटा. तेच ताईचं भांडवल. दोन दिवस बाबा पत्रं वाटत राहिले. तिसऱ्या दिवशी सायकलला हवा भरता भरता म्हणाले, "जा. पण मोठीचं जमत नाही तोपर्यंत पाहायले येणाऱ्या कोण्या पाहुण्याले हे कळलं नाही पाहिजे. कळलं अन सोयरीक मोडली, तर त्या दिवशी तुह्यं नाटक बंद." मी कबूल केलं. म्हणजे माझं नाटक ताईच्या लग्नावर टांगलेलं आणि ताईचं लग्न माझ्या तोंडावर.

मोठ्या बाईंच्या हाताखाली मी काम शिकले, तेही स्टेजवर कमी आणि स्वयंपाकघरात जास्त. आम्ही नट्या ज्या गावात जायचो तिथं आम्हाला कोणाच्या तरी घरी उतरवायचे. दुपारी पोचायचं, संध्याकाळपर्यंत त्या घरात राहायचं. बाकीच्या झोपायच्या. मोठ्या बाई मला म्हणायच्या, झोपतेस काय, जा, चुलीजवळ बस. गावात कोणाची म्हैस हरवली, कोणाचा जावई रुसला, सरपंचाची मोटरसायकल कोणत्या वळणावर बंद पडते, हे सगळं चुलीपाशी कळतं. तेच रात्री मोलकरणीच्या तोंडी घालायचं. लोकांना वाटायचं, नाटक आपल्याच गावावर लिहिलंय. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या बपेऱ्याला तर प्रेक्षकांतला एक काका उभा राहून माझ्याशी हिंदीत वाद घालायला लागला होता की म्हैस हरवली नव्हती, विकली होती.

पण एक नेम होता आणि तो मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. ज्या घरचं जेवलो त्या घरच्या माणसाची नक्कल करायची नाही. गावाची करा, सरपंचाची करा, जेवू घालणाऱ्याची नाही.

मी हा नेम दीड वर्ष पाळला आणि आसगावला मोडला.

आसगाव पवनी तालुक्यात. मंडईचा दिवस. ज्या घरी आम्हाला उतरवलं होतं ते घर पाहुण्यांनी ठासून भरलं होतं. मंडईला आमच्याकडे घरोघरच्या लेकीबाळी माहेरी येतात. त्या घरची एक लेक आली होती. पन्नाशीची, उंच, कणखर, हातात लोखंडी सराटा, म्हणजे मोठं उलथणं. तिच्या भावाचं घर, पण हुकूम तिचा. कढईत वडे तळत होती आणि सराट्यानं दिशा दाखवत होती. तेल टपकत होतं ते वेगळंच. प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं, "मी काही बोलत नाही, पण..." आणि त्यानंतर बोलायचं काही शिल्लक राहायचं नाही. "मी काही बोलत नाही, पण हे मीठ हाय का माती हाय? मी काही बोलत नाही, पण या घरात झाडू कोणी पाह्यला हाय काय?" दर दहा मिनिटांनी ती जेवणारी माणसं मोजायची. एकदा सतरा यायची, एकदा एकोणीस. मला दर वेळी मोजणीत धरायची आणि दर वेळी विचारायची, "हे कोणाची पोरगी?" मी म्हणायचे, नाटकवाली. ती म्हणायची, "मंग दोन वडे जास्त खा. रातभर वरडाचं हाय."

मी चार खाल्ले. आणि तिथं बसल्या बसल्या मला ती बाई अंगात यायला लागली. खांदा आला, मान आली, सराट्याचा हात आला. मी स्वतःला बजावलं, हे घर जेवू घालतंय, सोडून दे. पण निघताना मी तिच्या भावजयीकडून सराटा मागून घेतला.

त्या रात्री नाटकातल्या आत्याच्या प्रवेशात मी सराटा घेऊन शिरले आणि पहिलं वाक्य म्हटलं, "मी काही बोलत नाही, पण..." पुढचं कोणी ऐकलंच नाही. ती बाई त्या गावची लेक. लहानपणापासून सगळ्या गावानं तिच्या शिव्या खाल्लेल्या. लोक बसल्या जागी लोळायला लागले. मी प्रेक्षकांतली माणसं मोजायला लागले, सतरा, एकोणीस, सतरा, तेव्हा पेटीवाल्याची पेटी बंद पडली. इतकं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, नंतरही फार वेळा नाही.

विंगेत आल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं, "कोणाची केली?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला.

घरी आल्यावर मी ती नक्कल रोज संध्याकाळी करायचे. आई आणि ताई पोट धरून हसायच्या. ताई तर म्हणायची, आजची आत्या झाल्याशिवाय जेवण नको. बाबा ओसरीवर दुसऱ्या दिवशीची पत्रं लावत बसायचे, आमच्याकडे पाठ करून.

मग ताईला पाहायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा पवनीकडचा, शाळामास्तर, निर्व्यसनी, एकुलता. मध्यस्थानं सांगितलं की अशी सोयरीक पुन्हा चालून येणार नाही. ताईनं फोटो पाहिला होता आणि नंतर दोन दिवस ती भातात मीठ घालायचं विसरली, एवढ्यावरून आम्ही काय ते समजलो. आईनं मला बजावलं, तू सैपाकघरातून बाहेर निघू नको. विचारलंच तर सांगू, लहानी शिकून राहिली.

दुपारी बाराला पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि मध्यस्थ. बाहेर "जय भीम, जय भीम" झालं, चटया सरकल्या. मी आत पोहे परतत होते. आई पाण्याचे गडू घेऊन बाहेर गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"अवं," आई म्हणाली, "बाहेर तूच बसली हायस."

मला काही कळेना. मग बाहेरून आवाज आला, "मी काही बोलत नाही, पण येताना तो रस्ता हाय का बांधी हाय?"

माझ्या हातातून उलथणं पडलं. मी धानाच्या ढोलीमागे जाऊन बसले. आईनं आसगावच्या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं, तरी तिनं पाणी देता देता तिला ओळखलं होतं. एरवी मला याचा केवढा गर्व वाटला असता! आई माझ्याजवळ वाकून कुजबुजली, "वं माय, आता कसं?" मी म्हटलं, "मी इथून हालत नाही. तिनं मले दहा वेळा पाह्यलं हाय." आई म्हणाली, "तुह्यं सोड. तुह्या बहिणीचं काय? ते पोहे घेऊन जाऊन राहिली ना!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ताईनं ती नक्कल किमान दहा वेळा पाहिली होती. आणि आता ती साडी सावरून, डोक्यावर पदर घेऊन, पोह्यांचं ताट घेऊन मूळ बाईसमोर चालली होती.

मी ढोलीच्या फटीतून पाहत होते. ताईनं ताट ठेवलं. पाहुणीनं एक घास खाल्ला. खांदा उचलला, तोच खांदा. "मी काही बोलत नाही," ती म्हणाली, "पण मीठ जरा कमीच हाय." ताईची मान खाली गेली. पदराखाली तिचे खांदे हलायला लागले. पाहुणीनं वाकून पाहिलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "रडून काहून राहिली पोरगी? मिठाचं बोलली म्हणून? नको रडू बाई, नको रडू." ताईनं पदर तोंडात कोंबला. बाबा भिंतीकडे पाहत होते. पाहुणीला वाटलं, पोरीला मायेनं दुसरं काहीतरी विचारावं. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "बरं, घरात मानसं किती तुमी?" आणि उत्तराची वाट न पाहता बोटानं मोजायला लागली.

ताई फुटली. खो खो, मोठ्यानं, पाहायला आलेल्या माणसांसमोर कोणतीही मुलगी हसत नाही तशी ती हसली. हसता हसता खाली बसली.

मध्यस्थानं डोळे मिटले. मुलाच्या वडिलांनी पोह्याची बशी खाली ठेवली. आईनं माझा दंड असा धरला होता की चार दिवस वळ राहिला. मला एवढंच कळत होतं की ताईला तो माणूस आवडलाय आणि माझ्या चार वड्यांपायी तो आता उठून जाणार आहे. माझं नाटकही जाणार होतं, पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. ताईचं वाटलं.

"काय झालं हसाले?" पाहुणीनं विचारलं. आवाजात सराटा होता.

ताई कधी खोटं बोलली नाही आणि तेव्हाही बोलायचं तिला सुचलं नाही. तिनं डोळे पुसले, उभी राहिली आणि सरळ सांगून टाकलं. "माही लहानी बहीण नाटकात काम करते. आसगावच्या मंडईत तिनंच तुमची नक्कल केली. आमी घरी रोज पाहतो. म्हणून हसली. तुमाले राग आला असन तर माफी करा. पण ते माही बहीण हाय अन लय चांगली हाय. तिच्यासकट पसंत असलो तर हो म्हणा."

मी ढोलीमागे रडत होते. आईही रडत होती.

"म्हणजे तेच पोरगी," पाहुणी सावकाश म्हणाली. "दोन वडे जास्त खाल्ले ते." मग एकदम म्हणाली, "बोलाव तिले."

मी बाहेर आले. डोक्याला भुसा लागलेला, नाक लाल. वाकून नमस्कार केला. तिनं मला खालून वर पाहिलं.

"तुले ठाव हाय काय, त्या रात्री मी नाटकात नव्हती," ती म्हणाली. "भावाची म्हैस विणार होती, मी गोठ्यात बसली होती. तिकडून हसणं आयकू ये. मले वाटे, एवढं काय असन बाप्पा! सकाळी उठली तं सारं गाव माह्याकडं पाहून हसे. भाऊ हसे, भावजय हसे. कायले हसता म्हणलं तं कोणी सांगे ना. घरी आली तं हे दोघं," तिनं नवऱ्याकडे आणि मुलाकडे हात केला, "हे दोघंई पाहून आले होते. कोपऱ्यात जाऊन हसत. पंधरा दिस झाले, माही नक्कल साऱ्यांनी पाह्यली. मीच तेवढी नाई पाह्यली." तिनं मांडी ठोकली. "कर."

"आता?" मी म्हटलं.

"मंग काय लग्नात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला वाचता आलं नाही. मी आत जाऊन सराटा आणला आणि सुरू केलं. पण मी घाबरले होते. मी तिची एक गोड, नरम, देवभोळी आवृत्ती करायला लागले. दोन वाक्यं झाली नाहीत तोच तिनं हात वर केला.

"हे कोण हाय?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"हे मी नोहो. हे माही नणंद हाय. नीट कर."

मग माझं डोकं फिरलं. कामात मला कोणी नीट कर म्हटलं की माझी भीती पळते, राग येतो आणि रागात माझं काम चांगलं होतं. मी पदर खोचला, खांदा उचलला आणि आसगावला केली होती त्याहून चढी केली. रस्त्यावरून केली, पोह्यांवरून केली. घरातली माणसं मोजली, भिंतीवरच्या तसबिरीतल्या बाबासाहेबांना एकोणिसावे धरलं आणि म्हणाले, "मी काही बोलत नाही, पण साहेब, तुमी तरी जेवून जा." मुलाचे वडील चटईवर आडवे झाले. मुलगा चष्मा काढून डोळे पुसत होता आणि पुसता पुसता ताईकडे पाहत होता, आणि ताई त्याच्याकडे. माझी आई, जिनं या क्षणाच्या भीतीनं दीड वर्ष काढलं होतं, दाराला टेकून हिंदकळत होती.

पाहुणी हसत नव्हती. पुढे झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून पाहत होती. मध्येच म्हणाली, "सराटा असा नाई धरत मी. अंगठा वर." मी अंगठा वर घेतला. खरंच, फरक पडला.

माझं संपलं तेव्हा तिनं एक सुस्कारा टाकला. "मी एवढी बोलते?" तिनं नवऱ्याला विचारलं. तो अजून चटईवर आडवाच होता. मग ती माझ्याकडे वळली. "पोरी, एका दुपारी तू मले एवढं पाह्यलं. हा मानूस तीस वर्षांपासून माह्या घरात हाय, यानं एवढं नाई पाह्यलं मले."

ती हे रागानं म्हणाली नव्हती, तक्रारीनंही नाही. एखादी गोष्ट हरवली होती हे ती सापडल्यावरच कळावं, तसं म्हणाली. त्या दिवशी मला कळलं की नक्कल म्हणजे टिंगल नाही, नीट पाहणं आहे, आणि नीट पाहिलं जावं अशी भूक घरोघरच्या बायकांना असते. माझा टीव्हीवरचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा आहे. त्यानंतर भंडाऱ्याच्या लोकल केबलवर चादर टांगलेल्या खोलीत बसून मी फर्माइशी घेतल्या. तिथं दर अर्ध्या तासाला वीज जायची आणि मी अंधारातच बोलत राहायचे. मग नागपूर, मग मुंबई. पण मी कुठंही गेले तरी बाईकडे पाहण्याची ही तऱ्हा तीच राहिली.

मध्यस्थ खाकरला. "मंग... काय समजाचं?"

"काय म्हणजे?" पाहुणी म्हणाली. "मोठी पसंत हाय. माह्या पोरालेई पसंत हाय, पाहा ना कसा पाहून राहिला तो. मी काही बोलत नाही, पण लग्नाची तारीख या लहानीच्या तारखा पाहून धरा. लग्नात हे नसली तं वऱ्हाडाले मले कोण दाखवन? सांग पोरी, कवा मोकळी हायस?"

माझ्या तारखा मला कुठं पाठ असायच्या! त्या मोठ्या बाईंच्या वहीत असायच्या. मी आठवायला लागले, अडखळले. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून बाबांचा आवाज आला.

"सोमवारी बपेरा," बाबा म्हणाले. ते जमिनीकडे पाहून बोलत होते, पत्रावरचा पत्ता वाचावा तसे. "मंगळवार, बुधवार लाखांदूरकडं. शुक्रवारी करडी. संक्रांतीच्या आधी आठ दिवस रोजच हाय, एकई दिवस मोकळा नाई. संक्रांतीनंतर पवनीकडं तीन प्रयोग. होळी झाल्याबराबर पयला रविवार मोकळा हाय."

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. मीही. नाटक हा शब्द बाबांनी त्या सायकलपाशी उच्चारला होता, त्यानंतर कधी नाही. माझा एकही प्रयोग त्यांनी पाहिला नव्हता. निदान मला तसंच वाटत होतं.

"तुमाले कसं ठाव?" आईनं विचारलं.

"पोस्टर लागतेत ना गावोगावी. वाचतो." मग म्हणाले, "जवळपास असलं तं जातो. आत नाई जात. पाहुण्यारावळ्यांनी पाह्यलं तं उगीच. कनातीच्या बाहेर उभा राहतो. बाहेरूनई हसणं आयकू येते."

"मंग आसगावले?" पाहुणीनं विचारलं.

"गेलो होतो. एसटीनं." बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाहुणीकडे पाहिलं. "सायकलस्टँडवाल्याजवळ उभा होतो. आत एवढे हसले लोक का त्याची चिलीम खाली पडली. तो मले म्हणे, कोणाची पोरगी हाय हो हे? मी घरी साऱ्यायले बजावून ठेवलं होतं, कोणाले सांगाचं नाई म्हणून. पण मले राहवलं नाई. म्हणलं, माही हाय."